१९७६ची एमजीबी: गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आणि टाकीच्या झाकणाला ओढ. वाफेची यंत्रणा कशी तपासायची?

फ्रीमाँटकर (प्रश्न)

मंडळी, गाडी १९७६ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), कॅलिफोर्नियाची मूळ गाडी, एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब (कार्ब्युरेटर). बॉनेटखालची वाफेची यंत्रणा (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवून इंजिनात जाळणारी) सगळी जागेवर आहे, पण कुठली नळी शेवटची कधी बदलली याची काही नोंद मिळत नाही. त्रास दोन आहेत.

पहिला: हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं चालवली की इंजिन दम टाकतं, उपाशी असल्यासारखं. बाजूला थांबून टाकीचं झाकण उघडलं की हवा आत ओढल्याचा मोठा आवाज येतो आणि गाडी पुन्हा नीट चालते. दुसरा: टाकी भरली की बंद गॅरेजमध्ये रात्रभर पेट्रोलचा वास. खाली एक थेंबही गळालेला दिसत नाही.

स्मॉग चेक (कॅलिफोर्नियाची सक्तीची प्रदूषण तपासणी) जवळ आलाय. १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलला माफी आहे, ही गाडी एका वर्षाने अडकते. शिवाय १९७६ ते १९९५च्या गाड्यांची टाकी कमी दाबाने फुगवून गळतीही बघतात. मेकॅनिक म्हणतो टाकीला भोकाचं झाकण लाव, प्रश्न मिटला. मला ते पटत नाही. नेमकं कुठून सुरू करू?

---

नळी_आणि_झडप

झाकणाचं तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. भोकाच्या झाकणाने ओढ जाईल, पण टाकीतली वाफ कायमची उघड्यावर येईल, वास दुप्पट होईल आणि स्मॉग चेकमध्ये झाकणाची स्वतंत्र चाचणी असते, तिथे नापास. पण निदानासाठी झाकण कामाला येतं. एकदा झाकण मुद्दाम सैल ठेवून, टाकी अर्धीच भरून, तेवढंच अंतर चालवून बघा. इंजिन दम टाकत नसेल तर पंप, फिल्टर, कार्ब सगळे निर्दोष आणि दोष टाकीच्या श्वासात.

आता वाट नीट समजून घ्या, म्हणजे उगाच सुटे भाग बदलत बसावं लागणार नाही. टाकीतून वाफ निघते ती आधी डिकीतल्या छोट्या सेपरेटर टाकीत येते. तिथे द्रव पेट्रोल मागे राहतं. पुढे गाडीखालून धातूचा पाइप थेट बॉनेटखाली कोळशाच्या कॅनिस्टरपर्यंत. कॅनिस्टरच्या माथ्यावर तीन जोड: टाकीची नळी, कार्बच्या फ्लोट चेंबरची (कार्बमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याची) नळी आणि रॉकर कव्हरला (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला) जाणारी पर्ज नळी, म्हणजे साठलेली वाफ ओढून नेणारी. तळाला बाहेरची हवा आत घेणारं तोंड, आणि तुमच्या गाडीत त्या तोंडावर अँटी-रन-ऑन व्हॉल्व्ह (चावी बंद केल्यावर इंजिन चालू राहू न देणारी विजेची झडप) बसवलेला.

गाडी उभी असताना वाफ कोळशात शोषली जाते. इंजिन चालू झालं की कार्ब क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोटातून) हलकी ओढ घेतो, ती ओढ रॉकर कव्हरमार्फत कॅनिस्टरला लागते, तळातून ताजी हवा कोळशातून वर जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जळते. पेट्रोल खर्च होतं तशी टाकीत जायची हवाही याच वाटेने उलटी जाते. म्हणजे टाकीचं नाक म्हणजे हा कॅनिस्टर.

इथे एक बारकावा आहे. फक्त तळाचं तोंड बंद झालं असतं तर टाकीला थोडी हवा रॉकर कव्हरच्या नळीतून मिळाली असती आणि झाकण उघडताना एवढा मोठा आवाज झाला नसता. तुमची ओढ जबर आहे, म्हणजे अडथळा टाकी ते कॅनिस्टर या पट्ट्यात आहे, नाहीतर कॅनिस्टरच्या पोटात कोळशाचं ढेकूळ झालंय.

शोधायची रीत:

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॅनिस्टरच्या प्रत्येक नळीला मास्किंग टेप लावून कुठली कुठे ते लिहा, मग सोडवा. नळ्या कडक झालेल्या असतात, ओढू नका. जोडावर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन सोला, नाहीतर जुन्या कॅनिस्टरची तोंडंच मोडतात. मग रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा घ्या आणि टाकीच्या पाइपमध्ये हलकेच हवा सोडा, झाकण उघडं ठेवून. दुसऱ्याला टाकीच्या तोंडाशी कान लावायला सांगा. हवा सहज गेली पाहिजे. तोंडाने फुंकू नका, वाफ छातीत जाते. कॉम्प्रेसर तर अजिबात नको.

पाइप मोकळा निघाला तर तोच फुगा कॅनिस्टरच्या टाकीकडच्या जोडाला लावा, बाकीची तोंडं उघडी. फुगा दाबायला जोर लागता कामा नये. जोर लागला तर गुन्हेगार सापडला.

पाइप चोक निघाला तर पहिल्यांदा बघा: जॅक लावताना पाइप चेपलाय का, आणि डिकीत सामानाने सेपरेटरची रबरी नळी मुडपलीय का. या दोन जागा आधी, बाकी नंतर.

---

फ्रीमाँटकर

झाकण सैल ठेवून चालवली, इंजिन एकदाही अडखळलं नाही. पाइप मोकळा आहे. कॅनिस्टरला फुगा लावला तर दाबला जातच नाही. काढून हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा खूपच जड लागला, आणि उलटा केल्यावर तळातून काळं पाणी टपकलं, ज्याला पेट्रोलचा उग्र वास. कोळशाची पूडही आली.

---

नळी_आणि_झडप

ते पाणी नव्हे, कोळशाने काळवंडलेलं पेट्रोल. कॅनिस्टर वाफेसाठी बनवलेला असतो. द्रव पेट्रोल गेलं की कोळसा भिजून तुंबतो, पूड आणि चिखल बसतो. तो कॅनिस्टर वाळवून परत लावायचा विचार सोडा. ओव्हनमध्ये भाजून कोळसा ताजा करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, स्वयंपाकघर पेटेल.

पण नवा लावायच्या आधी द्रव तिथे पोचलं कसं ते शोधलंच पाहिजे, नाहीतर नव्याचीही तीच गत. कारणं मुख्यतः दोन.

एक, फ्लोट चेंबर भरून वाहतोय. इंधन पंप तीन पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास दाब देतो. नीडल व्हॉल्व्हमध्ये (चेंबरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या सुईच्या झडपेत) कचरा अडकला, सीट झिजली, किंवा फ्लोटला चीर जाऊन तो जड झाला की पेट्रोल चढत राहतं आणि व्हेंटच्या नळीतून सरळ कॅनिस्टरमध्ये उतरतं. तपासणी सोपी: व्हेंटची नळी कॅनिस्टरकडून काढून तिचं टोक पारदर्शक बाटलीत सोडा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, पंप टिकटिकू द्या. चेंबर भरला की पंप थांबला पाहिजे. टिकटिक चालूच राहिली आणि बाटलीत पेट्रोल आलं तर नीडल व्हॉल्व्ह, सीट आणि फ्लोट बदला. नुसतं साफ करून भागत नाही. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळतं का ते कळतं.

दोन, पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही वरून भरत राहणं. टाकीत वरची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते, उन्हात पेट्रोल फुगतं म्हणून. ती जागा भरली की फुगलेलं पेट्रोल वाफेच्याच पाइपने पुढे ढकललं जातं. पहिल्या क्लिकला थांबायचं, रक्कम गोल करायला अर्धा गॅलनही वर नको.

---

डिकीतली_टाकी

वासाबद्दल मी सांगतो, तो वेगळा दोष दिसतोय. खाली थेंब नाही आणि टाकी भरल्यावरच वास येतो, यावरून टाकीच्या वरच्या अंगावर संशय घ्या.

एमजीबीची टाकी डिकीच्या फरशीला खालून टेकलेली असते. फरशी आणि टाकीचा माथा यांच्यातल्या सापटीत चिखल आणि ओल साठून राहते, त्यामुळे ही टाकी खालून नव्हे तर वरून गंजते. टाचणीएवढी भोकं पडतात. पेट्रोल गळत नाही, कारण भोक पातळीच्या वर असतं, पण वाफ सतत निसटते. गाडीखाली झोपून बघितलं तर टाकी छान काळी दिसते आणि माणूस फसतो. याशिवाय तीन जागा: फिलर नेकची रबरी होज (क्लिपच्या कडेला तडे जातात), गेजच्या सेंडर युनिटची (टाकीतली पातळी गेजला कळवणाऱ्या भागाची) रबरी रिंग, आणि सेपरेटरच्या छोट्या नळ्या.

डोळ्याने शोधत बसण्यापेक्षा दाब देऊन बघा. साहित्य सगळं मिळून फार पैसे लागत नाहीत: ६ मिमी आतल्या व्यासाची दीड मीटर पारदर्शक नळी, एक टी-जोड, तोच रक्तदाबाचा फुगा, एक फळी आणि रंगीत पाणी.

नळी फळीवर इंग्रजी यू आकारात उभी ठोका, दोन्ही बाजू किमान ४५ सेंटिमीटर उंच. अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक उघडं, दुसरं टी-जोडाला. टी-चं एक तोंड फुग्याला, एक कॅनिस्टरकडून काढलेल्या टाकीच्या पाइपला. झाकण घट्ट लावा. आता फुगा अगदी हळू दाबा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३५ सेंटिमीटरचा फरक आला की थांबा. हा १४ इंच पाण्याचा दाब, म्हणजे अर्धा पीएसआय. जुन्या टाकीला याहून जास्त द्यायची गरज नाही आणि देऊही नये. यू-नळीचा एक फायदा असा की जास्त दाब दिलाच तर पाणीच बाहेर उडतं, टाकीला काही होत नाही.

फुग्याचा व्हॉल्व्ह बंद करून दोन मिनिटं मोजा. फरक २० सेंटिमीटरच्या खाली आला तर सरळ नापास समजा. धडधाकट यंत्रणेत पाणी जेमतेम उतरतं.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती तापमान. बंद टाकीतली हवा एका अंश सेल्सियसने जरी बदलली तरी पाणी किमान साडेतीन सेंटिमीटर हलतं, वर पेट्रोलची वाफ वाढते ती वेगळी. म्हणून चाचणी सकाळी, सावलीत, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. उन्हात केली तर गळकी टाकीही पास झालेली दिसेल. टाकी पाऊण भरलेली असेल तर रिकामी जागा कमी, म्हणून बारीक गळतीही पटकन दिसते.

दाब उतरत असेल तर तो पुन्हा ३५ वर आणा आणि भांडी घासायच्या लिक्विडचं दाट पाणी ब्रशने सगळीकडे लावा. सेंडरच्या रिंगवर गळती असेल तर फेस एकदम फुगत नाही. आधी कडेला मोहरीएवढे दोन-चार बुडबुडे येतात, ते तिथेच थांबून हळूहळू एकमेकांत मिसळतात. तिथे अर्धा मिनिट बघत राहावं लागतं. फिलर होजच्या तड्यातून मात्र लगेच फेसाचा पट्टा उठतो. टाकीच्या माथ्यावर ब्रश पोचत नाही, तिथे बारीक नळी लावलेल्या बाटलीने साबणपाणी सापटीत सोडा आणि बुडबुड्यांचा आवाज ऐका. शंका उरली तर टाकी उतरवणं आलं.

हे सगळं उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून पसरत जाते. तिकडच्या गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर ठेवायचा नियम त्यासाठीच आहे.

---

फ्रीमाँटकर

फ्लोट जड निघाला, खळखळतोय. नीडल, सीट, फ्लोट तिन्ही मागवले. दाबाच्या चाचणीत ३५ वरून दोन मिनिटांत ११. फेस सेंडरच्या रिंगवर आला. रिंग बदलून, फिलर होजही नवी घालून परत केली तर ३५ वरून ३३. टाकीचा माथा तूर्त शाबूत दिसतोय.

आता तीन प्रश्न उरले. कॅनिस्टर नवा घ्यावा की कोळसा बदलावा? मत्स्यालयाचा कोळसा चालतो असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. नळ्या कुठल्या घ्यायच्या? आणि अँटी-रन-ऑन व्हॉल्व्ह ठीक आहे हे कसं कळणार?

---

कोळसावाला_आप्पा

३३ म्हणजे उत्तम.

मत्स्यालयाच्या कोळशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो पाण्यातला रंग आणि घाण ओढायला बनवलेला असतो. दाणे वेडेवाकडे, पूड भरपूर. वाफ धरेल थोडी, पण खरं काम नुसतं धरून ठेवणं नसून ओढ लागल्यावर सोडून देणं हे आहे, आणि ते रंध्रांच्या आकारावर ठरतं. पुन्हा ती पूड व्हेंटच्या वाटेने फ्लोट चेंबरकडे सरकते. गाड्यांच्या कॅनिस्टरसाठी बनवलेला, दोनेक मिलिमीटर जाडीच्या गोळ्यांचा ॲक्टिव्हेटेड कार्बन मिळतो, तोच घ्या.

तुमच्या कॅनिस्टरचा तळ उघडत असेल आणि डबा गंजला नसेल तर कोळसा बदलणं योग्य. जुना माल काढा, तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. डबा धुऊन पूर्ण कोरडा करा. नवा कोळसा बारीक चाळणीने चाळा, तोंडाला मास्क लावून, पूड उडू द्या. भरताना थोडा थोडा टाकून डबा बाजूने ठोकत जा म्हणजे दाणे बसतील. वर-खाली पेट्रोलला टिकणारं फेल्टचं पॅड पाहिजे, साधा स्पंज विरघळून जातो. बंद केल्यावर हलवून बघा: खुळखुळ आवाज आला तर कमी भरलाय, आणि प्रवासात दाणे एकमेकांवर घासून परत पूड होणार. लावण्याआधी वजन करून तळावर लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर परत वजन करून लगेच कळतं की पेट्रोल प्यायलाय का.

डबा सीलबंद असेल तर कापून डिंकाने चिकटवत बसू नका, नवा घ्या.

कंपनीच्या वेळापत्रकात तळातलं फिल्टर पॅड आणि कॅनिस्टर ठरावीक मैलांनंतर बदलायला सांगितलं होतं. आता गाडी वर्षाला फार चालत नाही, तेव्हा पॅड दरवर्षी काढून बघा, काळं किंवा ओलं झालं असेल तर बदला.

नळ्यांचं: तिकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. साधी पाण्याची किंवा व्हॅक्यूमची नळी लावली तर काही महिन्यांत आतून मऊ होऊन सुजते. नळीवर एसएई ३०आर७ (इंधनाच्या नळीचं अमेरिकी मानक) छापलेलं असेल तर चालेल, ती वाफेसाठीही मान्य आहे. वास नको असेल तर ३०आर१४ किंवा ३०आर९ घ्या, त्यांच्या भिंतीतून वाफ फारच कमी झिरपते. तुमच्या गॅरेजमधल्या वासाचा काही भाग गळतीचा नसून जुन्या रबरातून झिरपण्याचा असू शकतो, आणि तो दाबाच्या चाचणीत दिसत नाही. माप अंदाजाने घेऊ नका, जोडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. क्लिप गुळगुळीत कडेच्या घ्या, दातेरी पट्टीची क्लिप मऊ नळी कापते.

---

नळी_आणि_झडप

व्हॉल्व्हचं मी सांगतो. चावी बंद केल्यावर गरम इंजिन धडधडत राहू नये म्हणून तो आहे. चावी बंद झाली की त्याला वीज मिळते आणि तिचा परतीचा मार्ग ऑइल प्रेशर स्विचमधून जातो. तेलाचा दाब आहे तोवर व्हॉल्व्ह ओढलेला राहतो, कॅनिस्टरचं हवेचं तोंड बंद करतो आणि मॅनिफोल्डची (कार्बपासून इंजिनात जाणाऱ्या नळीची) ओढ कॅनिस्टरमार्फत फ्लोट चेंबरला लावतो. जेटला पेट्रोल चढत नाही, इंजिन थांबतं. तेलाचा दाब उतरला की व्हॉल्व्ह सुटतो.

गाडीवरून काढून बघा. वीज नसताना कॅनिस्टरकडच्या तोंडातून फुग्याची हवा सहज बाहेर गेली पाहिजे आणि मॅनिफोल्डकडच्या तोंडातून अजिबात नाही. १२ व्होल्ट दिले की टक् आवाज, आणि बरोबर उलटं. हवेचं तोंड चिखलाने भरलेलं असतं, ते कार्ब क्लीनरने साफ करा.

चावी बंद केल्यावर काही वेळाने व्हॉल्व्हला हात लावा. गरम लागला तर प्रेशर स्विच चिकटलाय. बॅटरी उतरते आणि कॉइल जळते ती यामुळे. आणि गाडी चालू असताना या व्हॉल्व्हला वीज मिळत असेल तर इंजिन तडकाफडकी बंद पडतं. तो दोष वायरिंगचा, कार्बचा नव्हे.

रॉकर कव्हरवरचा पर्जचा जोडही विसरू नका. त्यात ५/६४ इंचाचं, म्हणजे साधारण २ मिमीचं बारीक छिद्र असतं. तेलाच्या काजळीने बुजतं. २ मिमीचा ड्रिल बिट हाताने फिरवून साफ करा, मशीनने मोठं करू नका. छिद्र मोठं झालं की जादा हवा शिरते, मिक्श्चर पातळ होतं, क्रँककेसची ओढ जाते आणि इंजिन सगळीकडून तेल गाळायला लागतं.

तेल भरायचं झाकणही बिनभोकाचंच पाहिजे. जाळीवालं झाकण लावलं तर क्रँककेस तिथूनच हवा ओढणार आणि कॅनिस्टरला ओढ लागणारच नाही. कोळसा भरत जातो, रिकामा कधीच होत नाही. ब्रिटनमध्ये विकलेल्या एमजीबींना ही कॅनिस्टरची यंत्रणा नव्हती, त्यामुळे तिकडच्या दुकानातून भाग मागवताना टाकीचं आणि तेलाचं झाकण दोन्ही नीट बघून घ्या.

सगळं जोडल्यावर: इंजिन गरम, आयडलिंगवर. तेलाचं झाकण उचला. हलकी ओढ जाणवली पाहिजे आणि आयडल बदललं पाहिजे. मग झाकण लावून कॅनिस्टरच्या तळाच्या तोंडावर बोट ठेवा. बोटाला बारीक ओढ जाणवली तर पर्ज चालू. नसेल तर रॉकर कव्हरचं गॅस्केट, टॅपेटच्या साइड कव्हरचं गॅस्केट आणि डिपस्टिकचं बूड, या क्रमाने बघा.

---

डिकीतली_टाकी

स्मॉग चेकपुरतं: टेक्निशियन बॉनेटखालच्या स्टिकरशी ताडून बघतो. स्टिकरवर जे लिहिलंय ते सगळं जागेवर आणि जोडलेलं हवं, म्हणून कॅनिस्टर उघडून ठेवलेला असताना जाऊ नका. गळतीच्या चाचणीत नायट्रोजन वापरतात आणि कॅनिस्टरजवळ टाकीची नळी चिमट्याने दाबतात. तिथे जुनी कडक नळी असेल तर ती तिथेच तडकते. तो तुकडा नवा आणि लवचीक ठेवा.

दुसरी वाट अशी: गाडी ३५ मॉडेल-वर्षांहून जुनी आहे, कलेक्टर कारचा विमा असेल तर स्मॉग चेक रेफरीकडे (खास गाड्यांसाठीच्या सरकारमान्य तपासणी केंद्रात) छोटी तपासणी होते. एक्झॉस्ट पास व्हावा लागतो, टाकीचं झाकण तपासतात आणि पेट्रोल गळतंय का ते डोळ्याने बघतात. वाफेची बाकी यंत्रणा त्यात येत नाही. पण तुम्ही एवढं काम केलंच आहे, तर नेहमीच्या तपासणीलाच जा.

वासाचं अजून एक: हिवाळी पेट्रोल जास्त उडून जाणारं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा गरम दिवस आला की टाकीत हिवाळी माल आणि बाहेर ऊन, तेव्हा कॅनिस्टरवर सर्वांत जास्त भार पडतो. दाबाची चाचणी वर्षातून एकदा करायची तर जानेवारीत करा.

---

फ्रीमाँटकर

तेलाचं झाकण जाळीचंच निघालं! बिनभोकाचं मागवलंय. कॅनिस्टरचा तळ उघडतोय, कोळसा बदलतो. व्हॉल्व्ह विजेवर टक् करतो, पण वीज नसतानाही मॅनिफोल्डकडून थोडी हवा झिरपते. चालेल का?

---

नळी_आणि_झडप

नाही चालणार. ती झिरप म्हणजे मॅनिफोल्डची ओढ सतत फ्लोट चेंबरवर: मिक्श्चर पातळ, आयडल डगमगतं, आणि कार्बच्या स्क्रूवर कितीही वेळ घालवला तरी जमत नाही. आधी क्लीनर सोडून पंचवीस-तीस वेळा वीज देऊन-काढून बघा, बऱ्याचदा सीटवरचा कोळशाचा कणच असतो. तरी झिरपला तर व्हॉल्व्ह बदला. नवा येईपर्यंत मॅनिफोल्डकडची नळी काढून मॅनिफोल्डचा जोड टोपीने बंद करा आणि कॅनिस्टरचं तळाचं तोंड उघडं सोडा. चावी बंद केल्यावर इंजिन धडधडलं तर गाडी गिअरमध्ये, ब्रेक दाबून, क्लच हळू सोडून थांबवा. स्मॉग चेकला जाताना मात्र सगळं परत जोडलेलं पाहिजे. कार्बचं ट्यूनिंग या सगळ्यानंतर, शेवटी.